रांजण भरतच नाही

झऱ्यावर रांग लागायची ती कॅनची, माणसांची नाही. बोहोल बेटावरच्या त्या गावातल्या विहिरी आटल्यापासून हीच पद्धत पडली होती. आपला पिवळा कॅन रांगेत ठेवायचा आणि जाऊन सावलीला बसायचं. त्यामुळे घाईघाईत डेलिसने भरलेल्यांतला भलताच कॅन उचलला, यात तिचा फार दोष नव्हता. अर्धी चढण झाल्यावर मागून धापा टाकत एक तरुण आला.

"तुम्ही माझं पाणी नेताय."

"पाण्यावर नाव लिहिलंय का?"

"नाव नाही... पण माझ्या कॅनचं बूच हरवलंय. मी केळीच्या पानाची गुंडाळी कोंबतो."

डेलिसने पाहिलं, गुंडाळी होती. पण लगेच हार मानेल तर ती डेलिस कसली. "मग इतका वेळ काय बघत होतात?"

"तुम्हाला," तो म्हणाला आणि स्वतःच गडबडला. "म्हणजे... तुम्ही चढत होतात ते."

तो वरच्या वाडीतला क्रिसान्तो. पुढे महिनाभर दोघांचे कॅन रांगेत शेजारी शेजारी कसे यायचे, ते त्या दोघांनाच ठाऊक. मग एके दिवशी तो आईबापाला घेऊन डेलिसच्या घरी आला आणि तिच्या वडिलांना, नोंग तिबोंना, त्याने सेवेची परवानगी मागितली. मुलगी हवी तर आधी तिच्या घरी राबायचं, असा तिथला जुना रिवाज. शहाण्या पोरांनी तो कधीच सोडून दिला होता, पण नोंग तिबो जुन्या वळणाचे. त्यांनी दारातला रांजण दाखवला. रोज तो भरायचा, आणि मुलीच्या बापाला उलटून बोलायचं नाही. बोलला की सोयरीक मोडली.

क्रिसान्तो रोज पहाटे रांजण काठोकाठ भरून जायचा आणि संध्याकाळी तो रिकामा असायचा.

पाणी डेलिस नेत होती. मे सरला, जूनही सरत आला, तरी पावसाचा पत्ता नव्हता. रेडिओवर एल निनोचं नाव रोज यायचं. खाचराच्या कोपऱ्यात टाकलेला भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडत चालला होता. लावणी झाली नाही तर डेलिसने मनिलाला जाऊन परक्या घरची मुलं सांभाळायची, असं आत्याने ठरवून टाकलं होतं. बोट पुढच्या आठवड्यात होती. तरव्याला पाणी घालू का, असं तिने एकदा विचारलं तेव्हा वडील कडाडले होते की प्यायचं पाणी मातीत ओतायचं नाही. तेव्हापासून ते खाचराकडे पाठ करूनच बसायचे. डेलिसची मात्र झोप उडाली होती. दुपारी वडिलांचा डोळा लागला की ती बादल्या घेऊन पळायची, हिरव्या उरलेल्या रोपांवरून हात फिरवायची आणि आभाळाकडे बघून मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायची.

एका संध्याकाळी आलेल्या क्रिसान्तोने तिच्या घोट्यांवरचा ओला चिखल पाहिला. सगळीकडे धूळ उडत असताना चिखल... त्याने एकदा पायांकडे पाहिलं, एकदा रांजणाकडे, आणि गालात हसला. दुसऱ्या दिवसापासून तो एक खेप जास्त करू लागला. तरी रांजण रिकामाच.

शेवटी नोंग तिबोंचा संयम सुटला. त्यांनी क्रिसान्तोला अंगणात उभं केलं. "साधा रांजण भरत नाही तुझ्याच्याने, संसार काय करणार? उद्यापासून येऊ नकोस."

डेलिस पेचात पडली. बोलावं तर तरवा वाळणार, न बोलावं तर हा जाणार. क्रिसान्तोने तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली... नको. मग तो वळला आणि चालू लागला.

"थांब," डेलिस म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "पाणी मी नेत होते, ताताय. चला दोघंही, दाखवते."

खाचराच्या कोपऱ्यात अंगणाएवढा तुकडा हिरवागार होता. नोंग तिबो बांधावरून खाली उतरले. मग वाकून त्यांनी एक रोप उपटलं आणि मूळ बोटांत चोळून पाहिलं.

"एवढ्याने घर चालणार आहे का?"

"नाही. पण मला मनिलाला जायचं नाही. याला सोडून कुठेच जायचं नाही."

ते क्रिसान्तोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग गप्प का बसलास?"

"बोललो असतो तर तुम्ही पाणी बंद केलं असतं, आणि ही बोटीत बसली असती. मला हाकललंत तरी निदान... ही इथे राहील."

नोंग तिबोंनी उपटलेलं रोप पुन्हा चिखलात खोचलं. ही येणार नाही असं आत्याला मी कळवतो, आणि तू उद्या ये, एवढंच म्हणून ते घराकडे निघाले.

बांधावर दोघंच उरली. डोंगरामागे ढग जमले आणि बघता बघता विरूनही गेले. डेलिसला रडू फुटलं.

"पाऊस आलाच नाही तर?"

येईल, असं क्रिसान्तो म्हणाला नाही. तसं तिथे आता कुणीच म्हणत नाही. "मग जायचं मनिलाला," तो म्हणाला, "पण दोघांनी."

"मग आधी लग्न करू. या महिन्यातच."

हे खरं तर त्याने विचारायचं असतं, पण वाट बघण्याचा आता तिला पुरता कंटाळा आला होता.