शफीकनं उतरवलेल्या पाट्या

दर गुरुवारी मधुरा वरच्या मजल्यावर थालीपीठं घेऊन जायची. वर घरमालकीण सलमाखाला एकट्याच राहत. त्या मूळच्या कुवेतच्या, लग्न होऊन कतारला आलेल्या, पण हिंदी सराईत बोलणाऱ्या. अल रय्यानमध्ये अशी गप्पिष्ट घरमालकीण मिळायला नशीब लागतं. त्या गुरुवारी मात्र मधुराचं गप्पांत लक्ष नव्हतं. खाली तिच्या बेडरूममध्ये शालू लपून बसली होती.

एका एजंटानं शालूला घरकामासाठी इकडे आणलं, पासपोर्ट काढून घेतला आणि जरा तोंड उघडलं की मारायला सुरुवात केली. काल ती पळून मधुराच्या दारात आली. एम्बसीतल्या बाईंनी "घेऊन या, मी थांबते" म्हणून सांगितलं होतं. पण गाडी मधुराच्या नवऱ्याकडे, आणि यशोधन लांबच्या दुखान गावाहून अजून वाटेतच होता. तेवढ्यात एजंटाचा फोन आला होता.

"मॅडम, आपका घर नंबर मिल गया. आ रहा हूँ."

मधुरानं खालांना सगळं सांगून टाकलं. खाला शांतपणे थालीपीठ मोडत राहिल्या.

"हमारे टाइम भी ऐसेच ढूँढते थे," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी नव्वद सालची गोष्ट काढली. इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या होत्या आणि पत्ते शोधून घराघरांतून माणसं उचलत होत्या. मग मोहल्ल्यातल्या पोरांनी काय करावं? घरांचे नंबर, रस्त्यांच्या पाट्या, झाडून सगळं उतरवून टाकलं! रणगाडे घेऊन आलेल्या त्या फौजेला साधं एक घर सापडेना. खालांचा धाकटा भाऊ शफीक त्यांच्यातलाच. खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि गंजलेले स्क्रू सैल करायला शिवणयंत्राच्या तेलाची कुपी. एवढ्या हत्यारावर पोरगा फौजेशी लढत होता. केवढी छाती म्हणायची! मधुराचे डोळे भरून आले.

"फिर?"

"एक दिन गया... आया नहीं."

बाहेर वारा उठला. भर दुपारी आभाळ पिवळंधमक झालं आणि काचांवर वाळू चरचरू लागली. त्या चरचरीत मधुराला निराळाच आवाज आला. कीर्र... जरा थांबून पुन्हा कीर्र... खाली गेटवर कुणीतरी गंजका स्क्रू फिरवत होतं. खोलीभर तेलाचा वास पसरला.

"खाला... नीचे कोई..."

"बैठो," खाला पुटपुटल्या. "उसको काम करने दो."

मधुरा खिडकीशी गेली. गेटवर कुणीही नव्हतं. नंबराची निळी पाटीही नव्हती, तिच्या जागी नुसती चार भोकं होती. एजंटाची गाडी समोरून गेली, वळली, परत आली. तो उतरला आणि त्यानं थेट मधुराच्या डोळ्यांत पाहिलं... पण त्याला काही दिसलंच नाही. चरफडत तो निघून गेला.

वारा पडला तेव्हा यशोधनचा फोन आला. "मी गल्लीत आहे गं, पण..." मधुरानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. शालूचा हात धरून ती गेटबाहेर धावली आणि गाडीत बसली.

एम्बसीच्या दारात शालू तिच्या गळ्यात पडून रडली. पोर सुटली! कधी न पाहिलेल्या त्या शफीकला मधुरानं मनोमन हात जोडले.

"मघाशी तू नेमकी कुठून आलीस?" परतताना यशोधननं हळूच विचारलं. "मला तर..."

गाडी गल्लीत शिरली. डावीकडचा बंगला जागेवर होता, उजवीकडचाही होता. मधे नुसती वाळू पसरली होती. मधुरानं खालांना फोन लावला.

"खाला... घर किधर है?"

"इधरीच है. मैं खिडकी में खडी हूँ. तुम दोनों मेरे को दिख रहे हो."

"शफीक को बोलो ना... नंबर वापस लगाने को."



"वो बोला था, जंग खलास होगी तब लगाऊँगा," खाला म्हणाल्या. "मैं बोलती हूँ, खलास हो गई... वो मानताच नहीं."

त्याच क्षणी शेजारच्या बंगल्याच्या गेटवरून निळी पाटी सुटली आणि वाळूत पडली.