उतरलेला पाचवा

मी पियानो सुरात लावतो. दोन स्वर जुळत नसले की त्यांच्यात बारीक थरथर ऐकू येते. खुंटी पिळायची, थरथर विझली की काम झालं. माझ्या कानांना कुणी फसवू शकत नाही, असं मी ऐटीत सांगत असे.

लेक संगीतशाळेत शिकते. परीक्षेसाठी तिने एक स्वरावली निवडली, जिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. तिच्यातला पाचवा स्वर अर्ध्या पायरीने उतरलेला असतो. त्यामुळे पहिल्या स्वराशी त्याचा मेळ बसत नाही आणि कानाला घरी पोचल्यासारखं वाटतच नाही. बसायला जावं आणि कुणी खुर्ची ओढून घ्यावी, तसं होतं. बाकीचे वाजवणारे शेवटी दुसऱ्या, जुळणाऱ्या स्वरांच्या मेळावर जाऊन कानांची सुटका करतात. ही करेना.

"सुटका केली की काही कळतच नाही, बाबा. तिथंच बसून राहायचं. कान हट्ट सोडेपर्यंत."

"त्याआधी शेजारी घर सोडतील," मी म्हणालो.

मग ती जेवायला येईनाशी झाली. बायकोने हाक मारली की कान झाकून घ्यायची. "आई किती बेसूर बोलते!" एकदा तोंडावरच म्हणाली. त्या दिवसापासून बायको घरात कुजबुजूनच बोलू लागली. पोर हातची जात होती.

शेवटी माझ्यासारखा माणूस जे करणार तेच मी केलं. लेक अंघोळीला गेली तेव्हा पियानो उघडला आणि तो उतरलेला स्वर अर्धी पायरी चढवून ठेवला. पोरगी ताळ्यावर येत नव्हती, निदान तारा तरी येतील. वाजवून पाहिलं. मेळ शांत, गोड.

ती ओल्या केसांनी येऊन बसली. त्याच पट्ट्या दाबल्या.

जुनाच मेळ उमटला. तीच थरथर.

मी दाबल्या. गोड.

तिने दाबल्या. थरथर.

खुंटी तपासली. जागची हलली नव्हती.

"नीट ऐका ना, बाबा," ती मायेने म्हणाली आणि पट्ट्या दाबून धरल्या.

मी ऐकत राहिलो. थरथर मंदावत गेली. मग थांबली. इतका विसावा मला कुठल्याच वाद्यातून काढता आला नव्हता.

स्वयंपाकघरातून बायकोने हळूच हाक मारली, "अहो, येताय ना दोघं?"

माझे हात कानांवर गेले.

लेकीने बाकावर सरकून मला जागा करून दिली.