शेवटचा कोण?

जरा जवळ सरका, आणि मध्ये बोलू नका. मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. ही गोष्ट सांगताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. पण ती माझ्या साडूच्या बाबतीत घडली आहे, आणि तो काही थापाड्या नाही.

मार्चचा शेवटचा शनिवार. नुकतंच अंधारलं होतं. साडू निघाला चौकातल्या जुन्या केशकर्तनालयातला आरसा आणायला. म्हातारा न्हावी वारला होता, सोमवारी दुकान पाडायचं होतं. म्हाताऱ्याच्या मुलानं किल्ली दिली होती. साडूला त्या दुकानाचा भारी उमाळा. ग्रुपवर रोज लिहायचा, 'काय त्या गप्पा, काय ती माणसं!' आता आरसा नव्या घरात लावायचा होता.

मेहुणी म्हणाली, "कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नाहीत. तुम्हाला एसी सलून लागतं. आता कसला पुळका?"

"तुला नाही कळायचं," म्हणून हा गेला.

त्या दुकानाची एक रीत होती. आत येणाऱ्यानं विचारायचं, "शेवटचा कोण?" बाकावरचा कुणीतरी "मी" म्हणायचा. त्याच्यामागे आपला नंबर. आणि एकदा विचारलं की मध्येच उठून जायचं नाही. म्हाताऱ्याला तो अपमान वाटे.

साडूनं कुलूप काढलं. आत मिट्ट काळोख. दार ढकलता ढकलता, सवयीनं, तोंडातून निघून गेलं, "शेवटचा कोण?"

स्वतःशीच हसला.

"मी," बाकावरून उत्तर आलं.

त्यानं मोबाईलचा उजेड टाकला. बाक रिकामा.

"सरका रे. साहेब आलेत." फळी करकरली... एकेक जण सरकावा तशी.

"वाट चुकलात वाटतं?"

"तिकडचा एसी बिघडला असेल."

एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत.

"मी... फक्त आरसा..."

"आरसा हवाय त्यांना. आठवण म्हणून."



साडू वळला. दार लागलेलं.

"नंबर लावलात ना? आता कुठे निघालात?" आणि मग, अगदी हळू, "साहेबांना आधी घ्या."

मोबाईल विझला. खांद्यांवर हात. खूप हात. खुर्ची. मानेभोवती कापड... घट्ट. पट्ट्यावर वस्तरा. सट्... सट्...

"हलू नका."

डाव्या गालावर गार फेस. कानापासून हनुवटीपर्यंत... सावकाश...

"आता ही बाजू."

तो किंचाळला. कापड ओरबाडलं. दारावर अंग टाकलं... आणि रस्त्यावर पडला.

सोमवारी दुकान पाडलं. आरशासकट.

साडूच्या उजव्या गालावर रोज दाढी वाढते. डाव्या गालावर त्या रात्रीपासून एक केस उगवलेला नाही. मी हात लावून पाहिलाय. गार लागतो...

आणि ओला.