आता सोडा

वामनराव पित्र्यांनी पर्स टेबलावर ठेवली, तसं राजाभाऊंनी आधी नाक पुढे केलं. दुसऱ्याच्या पर्सला नाक लावणं सभ्यपणाचं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. पण वसुंधरा दिघ्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली की माणसाचा सभ्यपणा झिजतोच.

"काही वास नाही," राजाभाऊ म्हणाले.

"माझ्या स्वातीची पर्स आहे ही, ताई," वामनराव वसुंधराबाईंकडे वळून म्हणाले. "परवा बड्या बाजारात शकुंतलाबाईंच्या दुकानात टांगलेली दिसली. जुन्या पर्स विकतात त्या. आतलं अस्तर स्वातीच्या आईनं शिवलंय, ती वारायच्या आधी दोन महिने. हा बघा निळा दोरा."

वसुंधराबाई तीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात होत्या. रिटायर झाल्यावर हरवलेली माणसं शोधायला लागल्या. झाशीत मराठी घरं मोजकी. बोभाटा नको असला की सगळे त्यांचाच जिना चढत.

"होळीनंतर आठव्या दिवशी स्वाती गेली," वामनराव सांगू लागले. "जावई म्हणतो, भांडली, पर्स खांद्याला अडकवली आणि मुंबईच्या गाडीला निघून गेली. सासूही तेच सांगते. त्या दिवसापासून फोन बंद. बँकेतल्या पैशाला हात नाही. आठ महिने झाले. आणि आता पर्सच्या आतल्या कप्प्यात हे निघालं."

त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. कागदाचा कपटा, त्यावर पेन्सिलीनं दोनच शब्द: आता सोडा.

"मूळ कागद कुठाय?"

"ठाण्यात. मीच नेऊन दिला. म्हटलं, पोर जिवंत असल्याचा पुरावा आहे. दरोगाजी हसले. म्हणाले, 'बाबूजी, ये सोडा-वोडा क्या है?' मी समजावलं, हमारी मराठी में मतलब, अब छोड़ दीजिए. त्यांनी तसंच लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली आणि फाइल बंद केली. अपनी मर्ज़ी से गई है, म्हणे."

"अक्षर तिचं आहे?"

"दोन शब्दांत काय कळतं? पण तिचंच असणार. दुसरं कोण लिहील?"

"तुमच्याशी कशी बोलायची?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "रोज सातला फोन. 'बाबा, तू जेवलास का? गोळी घेतलीस का?' दुसरं बोलणंच नाही." मग त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "सोडा म्हणते तर सोडतो, ताई. दारात जाऊन उभा राहणार नाही. फक्त ती आहे, एवढं मला सांगा."

वसुंधराबाईंनी काही कबूल केलं नाही. राजाभाऊंना ते फार कठोर वाटलं.

शकुंतलाबाईंचं दुकान म्हणजे पुढे आठ फुटांची खोली आणि मागे अंगण. जवळच्या बबीन्याच्या छावणीतल्या फौजींच्या बायका बदली झाली की पर्स विकून जायच्या. त्या पर्समध्ये मुरलेला सगळा वास इथे काढला जायचा. बाई स्वतः गुडघ्यांनी अधू, कानामागे पेन्सिल. काम करायची त्यांची भाची आभा. तिला मराठी सगळी समजायची, तोंडातून मात्र हिंदीच यायची.

"आभा, काळीला आता कोळसा! आणि त्या लालला आता ऊन दाखव!" बाई बसल्या जागेवरून ओरडल्या. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "मी दुपारी घरी पडायला जाते हो. गुडघे. मागे हिलाच सगळं बघावं लागतं."

निळ्या दोऱ्याची पर्स त्यांना आठवली. दिवाळीच्या आठवड्यात बर्तनवालीच्या गाठोड्यातून आली होती. ती घरोघर जुने कपडे, पर्स घेते आणि स्टीलची भांडी देते. कुठल्या घरातून काय उचललं, हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

"वास कसला होता तिला?" वसुंधराबाईंनी आभाला विचारलं.

"अच्छी बास थी, मौसीजी," आभा हसली. "छोटे बच्चे जैसी. नहलाया हुआ बच्चा होता है ना, बिलकुल वैसी. पर ग्राहक को तो कोई भी बास नहीं चाहिए. मीठे सोडे में बंद की, फिर कोयला, फिर धूप. हफ्ता लगा."

"आणि तो सोडा?"

"नाली में फेंक दिया."

बाहेर येताच राजाभाऊंनी टाळी वाजवली. "न्हालेलं बाळ! वसुताई, स्वातीला मूल झालंय! पर्समध्ये बाळाचे कपडे ठेवत असणार ती."

"राजाभाऊ, हे वामनरावांपाशी बोलू नका."

पण राजाभाऊंच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी देवळात वामनराव भेटले, तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना आणि राजाभाऊ बोलून बसले. वामनरावांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "होळीला आली तेव्हा जेवण जात नव्हतं तिला. म्हणजे दिवस होते! अहो, मी आजोबा झालो!" त्यांनी राजाभाऊंचे दोन्ही हात धरले आणि भर देवळात रडले. राजाभाऊंना त्या रात्री फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊ आणि वसुंधराबाई स्वातीच्या सासरी गेले. तिचा नवरा नीरज दारातच म्हणाला, "आता काय राहिलंय, काकू? तिनं स्वतः लिहिलंय ना, आता सोडा म्हणून? फाइल बंद आहे."

सासू सरलाबाई मात्र अगत्याच्या. त्यांनी चहा टाकला. साखर नव्या स्टीलच्या डब्यातून काढली. डब्यावरचा कंपनीचा कागदही अजून निघाला नव्हता.

"या डोळ्यांनी पाहिलं मी. पर्स खांद्याला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

"अंगावरची शाल सुरेख आहे," वसुंधराबाई म्हणाल्या. "कसर कशी लागली नाही हिला?"

सरलाबाई खुलल्या. "होळी झाली की लोकरीत वेखंड घालून ट्रंक बंद करते, ती दिवाळीलाच उघडते. डांबराच्या गोळ्यांनी मला धाप लागते. आमच्या सासूबाईंपासूनची रीत आहे."

वसुंधराबाई चहा अर्धा टाकून उठल्या. राजाभाऊंनी त्यांचाही संपवला असता, पण त्यांनी डोळे वटारले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वामनरावांना शकुंतलाबाईंच्या अंगणात बोलावलं. वामनराव पर्स छातीशी धरून आले. पर्सचं तोंड उघडं होतं आणि आत जुनी लाल कुंची दिसत होती. स्वाती तान्ही असताना घालायची ती. राजाभाऊंनी चटकन नजर वळवली.

वसुंधराबाईंनी आधी मोबाइल शकुंतलाबाईंपुढे धरला. "हे काय लिहिलंय?"

"अगोबाई! ही तर माझीच चिठ्ठी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी दुपारी घरी जाते ना? मग कुठल्या पर्सला पुढे काय करायचं, ते आभासाठी लिहून आत टाकते. आता कोळसा, आता ऊन, आता सोडा. हिनं काढली नाही वाटतं."



"नाही," वामनराव म्हणाले. "ते स्वातीनं लिहिलंय."

"वामनराव, ती तुम्हाला 'तू' म्हणायची," वसुंधराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाबा, तू जेवलास का. तिनं लिहिलं असतं तर 'आता सोड' लिहिलं असतं. बापाला अहोजाहो करायला ती काय परकी होती? दरोग्यानं सोडा वाचलं ते बरोबर होतं. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून त्यानं बरोबर वाचलं. आपल्याला येते, म्हणून आपण चुकलो."

"मीच सांगितलं त्यांना," वामनराव म्हणाले. "मीच सही केली."

"आणि बाळ?" राजाभाऊंनी विचारलं. उत्तर नको होतं, तरी विचारलं.

"बाळ नाही, राजाभाऊ. न्हालेल्या बाळाला आपण काय लावतो? वेखंड. आभाच्या नाकाला त्यावरून बाळ आठवलं. पण जुन्या घरांतल्या बायका वेखंड ट्रंकेतही घालतात. आठवडाभर सोडा आणि कोळसा लागावा इतका वास पर्समध्ये दोन दिवसांत मुरत नाही. ती लोकरीबरोबर उन्हाळा-पावसाळा बंद होती. सरलाबाईंची ट्रंक होळीनंतर बंद झाली, दिवाळीला उघडली. त्याच आठवड्यात पर्स बर्तनवालीकडे आली आणि त्यांच्या घरात नवा डबा आला. त्यांना धड पर्स फेकवेना, तिथे त्या फसल्या. खांद्याला अडकवून मुंबईला गेलेली पर्स घरच्या ट्रंकेत कशी सापडेल? दोघंही खोटं बोललेत."

"मग ती पर्स न घेता गेली?" वामनरावांनी विचारलं.

"ती त्या घरातून गेली का, हेच मला माहीत नाही."

वामनराव आभाच्या स्टुलावर बसले. आठ महिने फोन नाही, बँकेतल्या पैशाला हात नाही. जिवंतपणाची खूण म्हणून जी एक चिठ्ठी होती, ती दुकानाची निघाली. हा हिशेब राजाभाऊंसारख्या मंद माणसालाही मांडता येत होता.

"पण त्यांना धरतील ना आता?" राजाभाऊ म्हणाले.

"सकाळी ठाण्यात जाऊन आले. दरोगाजी म्हणतात, 'मैडम, अदालत में बास पेश करेंगी? वो भी धुली हुई?' वर बापाची सही दाखवतात." वसुंधराबाईंनी मान खाली घातली. "आणि काल मी त्या शालीचं कौतुक करायला नको होतं. आज त्यांच्या अंगणात ट्रंक धुऊन पालथी घातलीय. माझी चूक झाली, वामनराव."

वामनरावांनी कुंची काढून मांडीवर ठेवली आणि पर्समध्ये तोंड घातलं. बराच वेळ ते तसेच हुंगत राहिले.

"तिचाही वास नाही गं," ते आभाला म्हणाले. "तिच्या तेलाचा यायचा. थोडासा तरी ठेवायचास."

आभाला रडू फुटलं. "बाबूजी, मौसी कहती हैं, कुछ मत छोड़ना."

सात वाजायला आले, तरी ते उठेनात. शकुंतलाबाईंना दुकान बंद करायचं होतं, पण बोलवेना. शेवटी राजाभाऊ पुढे झाले. बड्या बाजारात गर्दी होती, दुकानाच्या पायऱ्या उंच होत्या, आणि वामनरावांच्या दोन्ही हातांत पर्स घट्ट होती.

"माझा हात धरा, वामनराव. पर्स द्या इकडे. आता सो—"

राजाभाऊंनी जीभ चावली. वामनरावांनी वर पाहिलं.

"राहू द्या," राजाभाऊ म्हणाले, "तुमच्याकडेच राहू द्या," आणि त्यांना कोपराला धरून एकेक पायरी उतरवू लागले.