रानऑलिव्ह आणि निळा ठिपका

"चिखल!" स्तामाता किंचाळली. "लांबिस, माझी नवी चप्पल बघ! सगळी चिखलात!"

"ऐन उन्हाळ्यात, जून महिन्यात चिखल कुठला गं? शेणात पाय घातला असशील."

"शेण मला कळतं! नऊ वर्षांची आहे मी!"

लांबिस हसला. तो बारा वर्षांचा होता आणि धाकट्या बहिणीला चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. पण दगडी कट्ट्यावर बसलेली आर्गिरो हसली नाही. ती त्याच्याच वर्गातली. पूर्वी तिघांत सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

ती झाडाकडे बघत होती. काटोव्रिसी गावाचं ते रानऑलिव्ह. त्याची पानं पिवळी पडली होती. वारा नसतानाही एकेक गळत होतं.

बुधवार होता. शनिवारी खेळ होते.

डोंगरापलीकडे ऑलिंपिया. दर चार वर्षांनी तिथे आरशाने ज्योत पेटते आणि ती मोठ्या खेळांसाठी जगभर फिरते. त्याच वर्षी, शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की, काटोव्रिसीत मुलांचे खेळ होत. धावणं, उडी, थाळीफेक, कुस्ती. पदक नाही, बक्षीस नाही. जुन्या काळी ऑलिंपियात मिळायचा तोच, रानऑलिव्हच्या फांदीचा मुकुट. तो याच झाडाचा. एरवी आजूबाजूच्या गावांतली मुलं यायची. या वर्षी पाच देशांतून येणार होती.

फांदी कोणी कापायची याचाही जुना नियम होता. ज्याचे आई आणि वडील दोघंही जिवंत आहेत, अशाच मुलानं. गेल्या खेळांत, आर्गिरो आठ वर्षांची असताना, या वर्षीसाठी तिची निवड झाली होती. आई देस्पिना शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या जोरात, की लोक वळून बघत होते.

फेब्रुवारीत आई गेली.

मे महिन्यात गावाचे प्रमुख पानागोस काका घरी आले, आर्गिरोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फांदी कापायची सुरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती सुरी लांबिसच्या घरी होती.

"मी मागितली नव्हती," लांबिस त्या वेळी म्हणाला होता.

"माहितेय," ती म्हणाली होती. एवढंच.

"काय रे कार्ट्यांनो, झाडाखाली काय करताय?" पानागोस काका आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. पाहुणे येणार म्हणून आठवडाभर आधीपासून त्यांचा हाच पोशाख होता. "लांब व्हा. रोग लागलाय त्याला. शुक्रवारी सकाळी करवतवाला येतोय."

"झाड तोडणार?" लांबिस उडालाच.

"मग काय करू? पाच देशांची मुलं येणार, त्यांना हे पिवळं भूत दाखवू? नर्सरीतून कुंडीतलं झाड आणतोय. हिरवंगार! फोटोत कोणाला कळतंय?"

"पण काका, ते दीडशे वर्षांचं झाड आहे!"

"माणसं जातात, झाडंही जातात," काका म्हणाले आणि मग त्यांची नजर आर्गिरोकडे गेली. ते घाईघाईने निघून गेले.

आर्गिरो कट्ट्यावरून उतरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी केलंय," ती म्हणाली.

"काय?"

"झाड माझ्यामुळे मेलं. आईला दफनाला नेलं त्या सकाळी मी इथे आले होते. कात्रीनं एक फांदी कापली आणि तिच्या हातात ठेवली. खेळांआधी कोणी फांदी कापत नाही. त्यातून माझी आई तर तेव्हा..."

स्तामाता लगेच जवळ आली.

"केवढी फांदी?"

आर्गिरोनं वीतभर बोटं ताणून दाखवली.

"आमची बकरी आमच्या दारच्या झाडाचं रोज ह्याच्या दसपट खाते. ते झाड अजून जिवंत आहे," स्तामाता म्हणाली. "आणि माझ्या चपलेचं काय? तो चिखल पण तू केलास?"

लांबिस एकदम थांबला. मेच्या सुरुवातीपासून पाऊस नव्हता. वाटेवरची माती भाजून विटेसारखी झाली होती. मग झाडाखाली चिखल कुठून आला?

तिघं थेट थेओफानिस मास्तरांकडे गेली. मास्तर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. ते द्राक्षाच्या मांडवाखाली बसून पाव आणि चीज खात होते.

"मास्तर, ऑलिव्ह कशानं मरतं?" लांबिसनं विचारलं.

"तहानेनं मरत नाही. पाण्यानं मरतं. पाय सतत ओले राहिले की मुळं कुजतात." मास्तरांनी पाव खाली ठेवला. "का रे?"

"आणि दोन्ही आईबाप असलेलाच का हवा?" स्तामातानं मध्येच विचारलं. लांबिसनं तिला कोपर मारलं. "काय? विचारलं नाही तर कळणार कसं?"

मास्तर आर्गिरोकडे बघत होते. "जुन्या लोकांना वाटायचं, ज्या घरात मरण शिरलं नाही त्या घरच्या हातानं विजयाची फांदी कापावी. ऑलिंपियात त्या मुलाला सोन्याची कोयती देत." मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. मी या गावात दोन वेळा धावलो, एकदा जिंकलोही. फांदी कधी कापली नाही."

"वाईट वाटायचं?" आर्गिरोनं विचारलं.

"अजून वाटतं," मास्तर म्हणाले.

ती लांबिसकडे वळली. मग म्हणाली, "चला, उद्या खणू या."

गुरुवारी सकाळी त्यांनी झाडाखाली खणलं. हातभर खाली माती काळी होती आणि तिला कुजका वास येत होता. खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं.

"वरून येतंय!" लांबिस म्हणाला.

वर, तीस पावलांवर, पाहुण्या मुलांसाठी बांधलेलं नवं पाणपोईचं कुंड होतं. मार्चमध्ये बांधलेलं. त्याला चार नळ. लांबिसनं चारही घट्ट बंद केले. मग तिघं मीटरच्या खोक्याजवळ पालथी पडली. काचेखाली छोटं लाल चाक होतं.

"फिरतंय!" स्तामाता ओरडली. "नळ बंद आहेत आणि चाक फिरतंय!"

"म्हणजे जमिनीत गळतंय! सापडलं! तुझी फांदी नाही, आर्गिरो, पाईप गळतोय!"

आर्गिरोनं डोळे मिटून घेतले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला. मग तिनं फावडं उचललं.

पाईप फार खोल नव्हता. पहिला जोड कोरडा होता, त्यावर रंगाचा निळा ठिपका. दुसरा जोड कोरडा, निळा ठिपका. तिसऱ्या जोडातून पाणी झिरपत होतं. आट्यांवर तागाचे धागे नीट गुंडाळलेले होते. जोड मात्र अर्धाच आवळलेला होता. त्यावर ठिपका नव्हता.

आर्गिरो गुडघ्यांवर बसून राहिली.

"काय झालं?" लांबिसनं विचारलं.

"शेवटचा आटा दिला की निळा ठिपका लावतात. गावात असं एकच माणूस करतं."

लांबिसला कळलं. आर्गिरोचे बाबा, निकिफोरोस, गावाचे नळवाले होते.

"मग सांगायचंच नाही!" स्तामाता म्हणाली. तिनं पटकन ओंजळभर माती जोडावर टाकली. "आम्ही काहीच पाहिलं नाही. हो ना, लांबिस?"

"मग झाड?"

आर्गिरोनं फावडं खाली ठेवलं.

दुपारी आर्गिरो घरी आली. बाबा टेबलाशी बसले होते. समोर मसुराचं सूप. चमचा कोरडा होता. फेब्रुवारीपासून ते असेच जेवायला बसत आणि उठत.

आई होती तेव्हा रोज संध्याकाळी बाबा आत आले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ठिपका लावलास?" कधी बाबा म्हणत, "लावला." कधी कपाळाला हात लावत आणि पाना उचलून परत जात. आई हसायची. "माझ्या नवऱ्याचे हात सोन्याचे आणि डोकं चाळणीचं," असं साऱ्या गावाला सांगायची.

"बाबा," आर्गिरो म्हणाली, "पाणपोईचा तिसरा जोड गळतोय. त्याचं पाणी झाडाखाली जातंय. त्यावर ठिपका नाही."

बाबांनी चमचा बाजूला ठेवला.

"आईच्या चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना होती, त्या सकाळी मी तिथे होतो," ते म्हणाले. "म्हटलं, प्रार्थनेपर्यंत हातांना काम असलेलं बरं. मग चर्चची घंटा वाजली. पाना तिथेच टाकला आणि आलो. तिच्या नावानं उकडलेले गहू वाटले. लोक गेले. संध्याकाळी घरी बसलो." ते थांबले. "कोणी विचारलं नाही ना मला."

आर्गिरोला रडू आवरेना. "बाबा, मीपण काहीतरी केलंय. तिच्या हातात फांदी..."

"पाहिली होती मी."

"रागावला नाहीस?"

"कशाला रागावू? तिला शोभत होती."

दोघंही रडली. शेजारच्या खुर्चीवर आईचा ॲप्रन तसाच होता. तो काढायचं दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी करवतवाला आला. त्याच्यामागे पांढऱ्या बुटांत पानागोस काका आणि सगळं गाव.

"थांबा!" लांबिस आडवा आला. "झाडाला रोग नाही! खाली पाणी आहे!"

"जूनमध्ये पाणी? खेळा जा!"

लांबिसनं स्तामाताकडे बघितलं. तिनं मान हलवली. सकाळीच सगळं ठरलं होतं.

"काका, जाऊ दे त्याला," ती गोड आवाजात म्हणाली. "तोडायच्या आधी तुमचा झाडाबरोबर एक फोटो काढू? आठवण म्हणून! तुम्ही कसे पाहुण्यासारखे दिसताय! फ्तू फ्तू, दृष्ट नको लागायला!"

काकांनी केस सारखे केले. "काढ. इथे उभा राहू?"

"थोडे मागे. अजून थोडे. तिथेच, त्या पाचोळ्यावर!"

फसक!

पाचोळ्याखाली कालचा खड्डा होता, काकांचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो काढायला जोर लावला तर डावाही गेला.

"अरे! चिखल! माझे बूट!"

"जूनमध्ये चिखल कुठला, काका?" स्तामातानं विचारलं आणि फोटो काढला. करवतवाला इतका हसला की त्याला करवत खाली ठेवावी लागली.

लांबिसनं सगळ्यांना मीटर दाखवलं. नळ बंद, चाक चालू. हसणं थांबलं. पानागोस काकांचा चेहरा लाल झाला.

"कोणाचं काम हे? कोणी केला हा निष्काळजीपणा?"

आर्गिरोची मान खाली गेली. लांबिस आणि स्तामाता पायांकडे बघू लागली.

गर्दीतून निकिफोरोस पुढे आले. हातात पाना होता.

"माझं काम," ते म्हणाले. "चूक माझी. मुलांनी शोधली. मी दुरुस्त करतो."

पानागोस काकांनी त्या पान्याकडे बघितलं. हे काम कोणत्या दिवशी अर्धं राहिलं ते त्यांनाही आठवलं असावं. चाळीसाव्या दिवसाच्या त्या सकाळी चर्चची घंटा त्यांनीच वाजवली होती. त्यांनी बूट काढले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, "फावडी आणा रे. पाणी काढायला चर खणावा लागेल."

दुपारपर्यंत सगळं गाव खणत होतं. मास्तरांनी झाडाभोवती फिरून फांद्या वाकवून पाहिल्या. "उत्तरेकडची बाजू गेली," ते म्हणाले. "दक्षिणेकडची मुळं धरून आहेत. अर्धं झाड वाचेल." मग तिघांना समोर उभं करून म्हणाले, "शाळेत मी तुम्हाला शिकवलं नाही याचं आज वाईट वाटतंय. मोठ्यांनी करवत आणली आणि तुम्ही खाली वाकून बघितलं. शाबास!"

पानागोस काकांनी घसा साफ केला. "आर्गिरो, तू म्हणत असशील तर... सुरी... नियम काय, माणसांनीच केलेला असतो..."

सगळे तिच्याकडे बघत होते. आर्गिरोनं नकारार्थी मान हलवली.

"नको. आई आहे असं नाटक मला नाही करायचं."

शनिवारी पाच देशांची मुलं झाडाभोवती गोल उभी राहिली. लांबिस सुरी घेऊन पुढे आला, वर बघितलं आणि गोंधळला.

"आर्गिरो!" त्यानं हाक मारली. "कुठून कापू?"

"कापणारा एकच असतो!" पानागोस काका कुजबुजले.

"कापतोय मीच! ती फक्त दाखवणार!"

आर्गिरो पुढे गेली. चार वर्षं आई तिला हे शिकवत होती. दक्षिणेकडची, कोवळी, बोटाएवढी, कोंबाच्या डोळ्याच्या जरा वर. तिनं फांदी धरली, लांबिसनं कापली. टाळ्या वाजल्या. आर्गिरो नकळत कान देऊन ऐकत होती. सगळ्यांपेक्षा जोरात वाजणाऱ्या त्या टाळ्या त्यांत नव्हत्या.

धावण्यात एक लांब पायांची बल्गेरियन मुलगी जिंकली. तिनं मुकुट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि रडली. आर्गिरो सहावी आली.

सोमवारी संध्याकाळी बाबा कोणाचा तरी नळ बसवून परत आले. त्यांनी हात धुतले आणि कोणीतरी थांबवल्यासारखे दारातच उभे राहिले.

आर्गिरो पाव कापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "ठिपका लावलास?"

मग पाना उचलल्याचा आवाज आला, आणि वाटेवरून उतरत जाणारी बाबांची पावलं.

ते परत येईपर्यंत तिनं सूप गरम ठेवलं.

"लावला," बाबा म्हणाले. ते टेबलाशी बसले आणि जेवू लागले.