मधली तीन पानं

ओमारू या किनाऱ्यावरच्या गावात जुलैच्या थंडीत भरदुपारी समुद्रावरून धुकं वर चढतं आणि खिडक्यांना चिकटून बसतं. अशाच एका दुपारी इशबेलनं आजारी नवऱ्याला, मर्डोला, चमच्यानं सूप पाजलं, त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत पियानोपाशी जाऊन बसली. डॉक्टरांनी हात टेकले होते. पियानो वाजत असला की मर्डोचा श्वास जरा सुरळीत चालायचा, तेवढाच बिचारीला आधार.

साठी उलटल्यावर पियानो शिकलेली बाई ती. आख्खी रचना बसवायची तिला कुठली चिकाटी! आवडतील तेवढे तुकडे निवडायचे, मधली अवघड पानं कपड्यांच्या चिमट्यानं अडकवून टाकायची आणि सरळ पुढं जायचं. केकवरचं क्रीम तेवढं चाटतेस, असं मर्डो चिडवायचा.

त्या दिवशीही तिनं मधली तीन पानं वगळली. आत गेली तर मर्डो हळूच म्हणाला,

"आज मधलंही वाजवलंस... एक पान. छान जमलं गं."

तापात बरळतोय, असं तिनं मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दुसरंही झालं, आता एकच राहिलं. इशबेलनं पियानोपाशी जाऊन पाहिलं. चिमटा होता तसाच होता.

तिसऱ्या दिवशी तिनं पियानो उघडलाच नाही. भिंतीशी बसून राहिली. घरभर औषधांचा आणि ओलीचा वास. कुठं खुट्ट नाही. आणि आतून मर्डोचा आवाज आला.

"हळू वाजव... संपेल ना..."

ती धडपडत उठली. ते उरलेलं पान दुसऱ्या कुणाला संपवू द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. चिमटा ओढून काढला आणि एकेक सूर चाचपडत वाजवू लागली. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आजवर ज्या चुकांची लाज वाटली, त्याच आज पथ्यावर पडत होत्या. पुढं पुढं तर ती मुद्दाम चुकू लागली. हात भरून आले, बाहेर अंधारून आलं. शेवटी एकदा थकलेली बोटं न चुकता पानाच्या तळाशी पोचली. तिथं पाच सूर एकदम दाबायचे होते.

तिनं ते न दाबताच हात उचलून घेतले.

"मर्डो?"

आत मर्डो शांत पडला होता. श्वास थांबला होता. उजवा हात पांघरुणावर, पाचही बोटं फाकलेली, टोकं लोकरीत रुतलेली. इशबेलनं रडत रडत ती मिटवायला घेतली. मिटेनात. या माणसानं जन्मात कधी पियानोला बोट लावलं नव्हतं, आणि त्याची पाची बोटं बरोबर त्या पाच सुरांच्या अंतरावर होती.