चौथा कुकारा

आधीच सांगते, हे खरं घडलंय. पटत नसेल तर स्क्रोल करून पुढे जा, मला राग नाही.

आठ मे, गुरुवार. दुपारचे साडेतीन. रत्नागिरीहून पावसला जाताना कातळावर आप्पांची हापूसची बाग आहे, तिथे.

हो, दुपारी! भुतांनी रात्रीच यायचं, हा नियम पिक्चरवाल्यांचा.

घडलं माझ्या मावसबहिणीला, उल्काला. आठवीपर्यंत तिचा आवाज शेजारच्या बाकालाही ऐकू जायचा नाही. नववीत कुठून तरी कंठ फुटला आणि मग थांबेचना. भयपटांवर मोबाईलवर व्हिडिओ करायला लागली. तीनशे बारा जण बघायचे. सुट्टीत ती आप्पांकडे, म्हणजे तिच्या बाबांच्या काकांकडे राहायला गेली, सोबत मैत्रीण वेदिका. आप्पा त्या दुपारी पेट्या घेऊन गावात गेले होते. उल्का बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर चढली आणि सुरू झाली.

“तर मंडळी, जुने भयपट! बाई मेणबत्ती घेऊन पाऊण तास गाणंच म्हणते. तरी मला आवडतात. दार करकरलं की पुढचं भूत आपणच डोक्यात बनवतो. नवीन पिक्चरमध्ये काय? शांतता, शांतता, आणि धाडकन आवाज! ती भीती नाही, ते दचकणं. दचकायला मी कुकरच्या शिट्टीलापण दचकते.”

वेदिका हसली. तिच्या हातातला मोबाईल हलला.

“आणि ते सुरेवाले! मुखवटेवाला निवांत चालतो, पोरगी जीव खाऊन धावते, तरी तोच आधी पोचतो. कसा? रिक्षाने? वर पोरगी पडणार, सपाट जमिनीवर! पडली की नुसती किंचाळणार. अगं, दगड उचल ना!”

“तशी किंचाळून दाखव गो,” वेदिका म्हणाली. “शेवटी टाकूया.”

उल्काने छाती भरून श्वास घेतला आणि किंचाळली.

चुकलं ते इथे.

बागेत उगाच ओरडत नाहीत. माकडं आली की राखणीचा माणूस कुकारा देतो, लांबलचक हाळी. मग शेजारच्या बागेतून उत्तर येतं, मग त्याच्या पुढच्या. माकडं पळतात आणि सगळे धडधाकट आहेत, हेही कळतं. आप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “कुकारा आला की उत्तर द्यायचं गो. नाय दिलंस तर माणूस बघायला येतो. साप चावला की झाडावरनं पडलीस, कोणास ठाऊक.”

उल्काच्या किंचाळीला खालच्या बागेतून दीपकदादाने उत्तर दिलं.

मग पऱ्यापलीकडून, म्हणजे ओढ्यापलीकडच्या बागेतून सदूकाकांनी.

संपलं. त्या बाजूला बागा तेवढ्याच.

आणि मग... वरच्या कातळावरून चौथा आवाज आला.

वर घर नाही. झाड नाही. नुसता काळा सपाट दगड.

आवाज पोरीचा होता. उल्काचाच. तीच किंचाळी, शेवटी चिरकली तीसुद्धा तशीच.

“इको असेल,” वेदिका पुटपुटली.

“एवढ्या उशिरा?”

परत आला... आखूड. काहीतरी विचारल्यासारखा.

उल्काने तोंड उघडलं. वेदिकाने त्यावर हात दाबला. “नको! उत्तर देऊ नकोस!”

नाही दिलं.

कोकीळ गप्प झाला. पाखरं गप्प. वाऱ्याचं नाव नाही.

मग... पातेरा वाजला. आंब्याची वाळकी पानं.

कर्र.

कर्र.

अजिबात घाई नाही. कोणी दिसत नव्हतं. फक्त दोन कलमांच्या मधली पानं एकेक करून दबत होती, आणि ते दबणं यांच्याकडेच येत होतं.

“पळ!” वेदिकाने उडी मारली. पाय दगडांत मुरगळला आणि ती आडवी झाली.

उल्का धावली. दहा पावलं. खोटं कशाला बोलू, तिने मला हेच आधी सांगितलं.

मग मागे वळली.

परत आली आणि वेदिकाच्या पुढ्यात उभी राहिली. आवाज दोन हातांवर थांबला... समोर रिकामी हवा. उल्काच्या कपाळावरची बट कोणी फुंकर घातल्यासारखी हलली.

तिचा गळा बंद झाला. अगदी आठवीतल्यासारखा. एक शब्द फुटेना. खाली वेदिका उल्काचा घोटा घट्ट धरून पडली होती.

“आम्ही बऱ्या आहोत!”

कसं निघालं, देवाला माहीत. पण निघालं ते खणखणीत!

“ऐकलंस? दोघी धडधाकट आहोत. उगाच ओरडले, चूक माझी. बघून झालं ना? आता जा!”

कपाळावरची बट पुन्हा खाली पडली.

मग... कर्र. मागे. कातळाकडे.

संध्याकाळी आप्पांनी वेदिकाच्या पायाला हळद लावता लावता सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “उत्तर दिलंस ना?”

“दिलं.”

“बरं केलंस. आता रोज द्यायला लागंल.”

“पण आप्पा, ते आहे कोण?”

“मला नाय ठाऊक. सदूच्या बापाशीला पण नव्हतं ठाऊक.”

रात्री दोघींनी व्हिडिओ लावला. बडबड आहे. दीपकदादा आहे, सदूकाका आहेत. उल्काच्या किंचाळीच्या जागी मात्र... तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या आणि आवाज नाही.

वेदिका म्हणाली, काढून टाक. उल्काने तो तसाच टाकला, एक सेकंदही न कापता. लोक म्हणाले, म्यूट केलंय. म्हणेनात का!

परवा मी रत्नागिरीला तिच्याकडे गेले होते. साडेतीनला ती गॅलरीत गेली, “मी बरी आहे!” म्हणून ओरडली आणि आत येऊन चहा गाळायला लागली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

“तो कुकारा इथेपण येतो?”

“आधी बागेतून यायचा. मग वाटेतल्या गोळपहून. आज भाट्याच्या पुलावरून आला, पूल ओलांडला की रत्नागिरीच.”

“उत्तर दिल्यावर परत जातो ना?”

“जातो. पण रोज थोडा कमी.”

मी कप खाली ठेवला. तिने चहाचा घोट घेतला.

“येऊ दे दारात,” उल्का म्हणाली. “त्या दिवसापासून मला किंचाळता येत नाही, माहितीय? ओरडता येतं, किंचाळता नाही. तो आवाज माझा आहे. परत घेतल्याशिवाय सोडणार नाही.”

ती हे हसत म्हणाली, आणि मला तिचा अभिमानच वाटला. खरंच.

पण उजेड असतानाच निघाले मी. माझं घर पुलाच्या पलीकडे आहे.